दोन शिष्टाया : उद्योगपर्वातील आणि सौभद्रातील

मराठीत 'शिष्टाई' हा शब्द एकटा क्वचितच भेटतो. त्याच्या मागे-पुढे 'निष्फळ' किंवा 'फसलेली' असे एखादे विशेषण बहुधा लागलेले असते. 'तह' म्हटले की काय काय गमावले याची यादी डोळ्यांपुढे येते, आणि 'तडजोड' म्हणताना बोलणाऱ्याचा आवाज आपोआप थोडा उतरतो. भांडण्याचे आणि लढण्याचे शब्द आपल्या भाषेत ताठ मानेने चालतात. मिटविण्याचे शब्द मात्र चोरट्यासारखे भिंतीकडेने जातात. याला भाषेचा स्वभाव म्हणावे की आपल्या वाचनाचा, असा प्रश्न आम्हांस बरेच दिवस पडला आहे. प्रस्तुत लेख त्या प्रश्नाच्या निमित्ताने आहे.

बऱ्हाणपुरात राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी घरांना एका शब्दाची गंमत विशेष कळण्याजोगी आहे. तो शब्द म्हणजे 'राजीनामा'. पुण्या-नागपूरकडील पाहुणा हा शब्द उच्चारतो तेव्हा कोणीतरी नोकरी किंवा पद सोडलेले असते. आपल्या येथील न्यायालयाच्या ओट्यावर हाच शब्द ऐकू येतो तेव्हा दोन पक्षकारांत समेट झालेला असतो. दोन्ही अर्थांचे मूळ एकच : राजी असल्याचे लिहून देणे. मराठेशाहीतील निवाड्यांच्या कागदपत्रांत 'राजीनामा' आहे तो याच कुळातला. गोतसभेपुढे वाद उभा राहण्यापूर्वी वादी आणि प्रतिवादी दोघेही, सभा जे ठरवील ते मान्य करू, असे लिहून देत. निवाडा होण्याच्या आधी संमती, ही त्यातील मेख. आज मराठीने त्या शब्दातली संमती टाकून दिली आणि निघून जाणे तेवढे ठेवले. हिंदीने, निदान आपल्या मध्यप्रदेशाच्या कचेऱ्यांतील हिंदीने, जुना अर्थ जपला. शासकीय सेवेत असताना आम्ही या शब्दाखाली किती सह्या घेतल्या असतील याची गणती नाही. पण तो शब्द मूळचा किती सुंदर आहे हे सेवानिवृत्तीनंतरच निवांतपणे पाहता आले.

आता मुख्य विषयाकडे. मराठी मनातील शिष्टाईचा आदर्श नमुना म्हणजे उद्योगपर्वातील कृष्णाची शिष्टाई. कीर्तनांतून, नाटकांतून, शाळेतील धड्यांतून ती आपल्यापर्यंत आली. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये (१९६७) आणि त्याआधी दुर्गाबाई भागवतांनी 'व्यासपर्वा'त (१९६२) महाभारतातील माणसांकडे माणसे म्हणून पाहण्याची दृष्टी मराठी वाचकाला दिली. त्याच दृष्टीने या प्रसंगाकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते : ही शिष्टाई फसली ती केवळ दुर्योधन दुष्ट होता म्हणून नव्हे. ती ज्या पद्धतीने मांडली गेली त्या पद्धतीतच तिचे अपयश दडलेले होते.

क्रम आठवून पाहावा. प्रथम द्रुपदाचा पुरोहित हस्तिनापुरास जातो. नंतर धृतराष्ट्राकडून संजय येतो; त्याच्या हाती देण्यासारखे काही नसते, शांततेचा उपदेश तेवढा असतो. याच संजयाबरोबर युधिष्ठिर निरोप पाठवितो की अर्धे राज्य न दिले तर पाच गावे द्यावीत. चार गावांची नावे तो सांगतो आणि पाचवे कोणतेही चालेल म्हणतो. मग स्वतः कृष्ण जातो, भरसभेत बोलतो. भीष्म, द्रोण, विदुर, गांधारी, सगळे दुर्योधनाला समजावितात. तो सुईच्या टोकावर मावेल इतकीही भूमी देण्यास नकार देतो. सभा मोडते.

या साऱ्या बोलण्यांत मागणी एकाच रेषेवर मागे-पुढे सरकत राहते. अर्धे राज्य, पाच गावे, सुईचे टोक : तिन्ही ठिकाणी मोजमाप जमिनीचेच आहे. युधिष्ठिराने पाच गावांवर यावे हा त्याचा मोठेपणा खरा. परंतु वाटाघाटीच्या दृष्टीने पाहिले तर तो फक्त आकडा कमी करणे आहे. समोरचा आकडा कमी करतो आहे असे दिसले की हट्टी माणूस एकच अनुमान काढतो : आणखी ताणले तर आणखी कमी होईल. महसूल खात्यात ज्यांनी चार वर्षे काढली असतील त्यांना हे सांगावयास नको. दुर्योधनाला जमिनीचा लोभ होता यात शंका नाही. पण त्याच्या मनात मयसभेतले हसे होते, आपल्या वारशाच्या खरेपणाविषयीचे भय होते, भीमाची धास्ती होती. यांपैकी एकाही गोष्टीवर कोणत्याही दूताने बोट ठेवलेले नाही. सगळे त्याला नीती सांगत राहिले. नीती सांगितल्याने माणूस ऐकता तर विदुराने हे काम फार पूर्वीच केले असते.

दुसरी गोष्ट सभेची. ज्याच्याकडून माघार हवी, त्याला सर्व कुरुवृद्ध, राजे आणि ऋषी यांच्या देखत विचारले गेले. अशा ठिकाणी उच्चारलेला नकार हा नुसता नकार राहत नाही. त्याला साक्षीदार असतात, आणि साक्षीदार असलेला शब्द मागे घेणे म्हणजे स्वतःस मोडून घेणे. कृष्णाला हे कळत नव्हते असे मानणे म्हणजे कृष्णाला न ओळखणे. त्याने विदुराकडे आपले मन मोकळे केले आहे : यश येईल अशी आशा नाही, परंतु शक्य असून प्रयत्न केला नाही असा दोष आपल्यावर राहू नये म्हणून तो आला आहे. म्हणजे ही शिष्टाई समेटासाठी जेवढी होती, तेवढीच जगाच्या साक्षीसाठी होती. आम्ही हा कृष्णाचा दोष म्हणून सांगत नाही. त्याच्या पक्षाचेच मन एक नव्हते. निघण्यापूर्वी तो पांडवांचे मत विचारतो तेव्हा भीमासारखा भीम सलोख्याची भाषा बोलतो आणि कृष्णाला त्याला डिवचावे लागते. सहदेव युद्ध मागतो. द्रौपदी आपले केस पुढे करून तेरा वर्षांचा हिशेब मागते. ज्याच्या पाठीशी इतक्या परस्परविरुद्ध आज्ञा आहेत तो दूत सभेत नीतीशिवाय दुसरे काय बोलणार?

त्या दौऱ्यात कृष्ण खऱ्या अर्थाने एकदाच वाटाघाट करतो, आणि ती सभेबाहेर, परतीच्या वाटेवर, कर्णाशी. तेथे तो आकडे बोलत नाही. तो कर्णाला त्याचा जन्म सांगतो, ज्येष्ठत्व देऊ करतो, ज्याची कर्णाला आयुष्यभर उणीव होती नेमके तेच पुढे ठेवतो. कर्ण नकार देतो. पण तो नकार किती वेगळा आहे! त्यात राग नाही. कृष्णाने हे गुपित ठेवावे अशी विनंती आहे आणि निरोप घेताना आलिंगन आहे. महाभारतकाराला दोन प्रकारच्या बोलण्यांतला फरक पुरता ठाऊक होता, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आपल्या कीर्तनपरंपरेने मात्र सभेतला कृष्ण उचलला.

आता दुसऱ्या कृष्णाकडे वळू. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' पुण्यात नोव्हेंबर १८८२ मध्ये रंगभूमीवर आले. तेव्हा त्याचे पहिले तीनच अंक झाले, आणि पाचही अंकांचा पूर्ण प्रयोग पुढील वर्षी झाला. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा, त्यातील पदांची रेलचेल, सव्वाशेहून अधिक वर्षे टिकलेली लोकप्रियता, यांविषयी इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्याचे कारण नाही. परंतु सौभद्राविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक गाण्यांविषयी असते. गद्याकडे, म्हणजे नाटकात प्रत्यक्ष काय घडते याकडे, समीक्षकांनी 'हलकेफुलके पौराणिक कथानक' एवढे म्हणून पाठ फिरविली. आमच्या मते मराठी रंगभूमीवरील वाटाघाटीचे सर्वांत कसबी नाटक हेच आहे. (अण्णासाहेबांनी काही काळ महसूल आयुक्तांच्या कचेरीत कारकुनी केली होती. या गोष्टीस आम्ही आमच्या पूर्वपेशामुळे अवास्तव महत्त्व देतो, असा आरोप होईल. तो मान्य आहे.)

पेच सर्वपरिचित आहे. बलरामाने सुभद्रा दुर्योधनाला देण्याचे ठरविले आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर आहे, अर्जुनाचे तिच्यावर. कृष्णाला हा दुसरा विवाह व्हावा असे वाटते. बलराम थोरला, त्याचा शब्द म्हणजे घराचा शब्द. उद्योगपर्वाच्या रीतीने जायचे तर कृष्णाने दादासमोर उभे राहून दुर्योधनाचे अवगुण वाचावयास हवे होते. परिणाम ठरलेला : शिष्याच्या अवगुणांची यादी ऐकून बलराम अधिकच घट्ट झाला असता. दुर्योधन त्याचा गदायुद्धातला आवडता शिष्य. त्याच्यावरील टीका ही गुरूवरील टीका ठरली असती.

किर्लोस्करांचा कृष्ण हे करीत नाही. संपूर्ण नाटकात तो बलरामाला 'नाही' म्हणण्याची संधीच देत नाही. नारदाची ये-जा, घटोत्कचाकडून सुभद्रेला उचलवून आणणे, अर्जुनाला त्रिदंडी संन्याशाच्या वेषात राहू देणे, ही सगळी खटपट एका गोष्टीसाठी आहे : ज्या माणसाने निर्णय घ्यायचा त्याच्याच पायांनी त्याला निर्णयापर्यंत चालत आणणे. या यतीच्या तेजाने बलराम भारावतो. यतीच्या सेवेस सुभद्रेला ठेवावे हा विचार बलरामाचाच असतो. आणि तेथे कृष्ण चक्क विरोध करतो! तरुण यती, उपवर बहीण, लोक काय म्हणतील, अशी शंका तो काढतो. धाकट्याची शंका ऐकून थोरला अधिक ठाम होतो. प्रेक्षागृहात हशा पिकतो. हशा अगदी योग्य आहे. पण हसताना एक सूक्ष्म गोष्ट निसटते. कृष्णाने घेतलेली हरकत अक्षरशः खरी आहे. त्याने धोका लपविला नाही, बोलून दाखविला. पुढे बलराम संतापतो तेव्हा त्याला 'मला कोणी सांगितले नाही' असे म्हणण्यास जागा उरत नाही.

जाणकार वाचक म्हणतील की यतीचा वेष किर्लोस्करांचा शोध नव्हे, तो भागवताच्या दशमस्कंधात आहे. आहेच. महाभारताच्या आदिपर्वातील हकीकत मात्र वेगळ्या वळणाची. तेथे कृष्ण अर्जुनाला सरळ हरणाचा सल्ला देतो, कारण स्वयंवरात मुलीचे मन कोणीकडे वळेल याचा भरवसा नाही. युधिष्ठिराची संमती दूत पाठवून आधीच घेतली जाते. हरण झाल्यावर यादवांची सभा खवळते, बलराम सर्वांत अधिक. त्या वेळी कृष्ण जे भाषण करतो ते मुद्दाम वाचावे. अर्जुनाने आपला अपमान केला नाही, मानच राखला, असे तो म्हणतो : आपण धनासाठी मुलगी देणारे नव्हे हे त्याला ठाऊक होते, आणि जनावरासारखे कन्येचे दान करणे कोणाला आवडेल? तेव्हा त्याला सामोपचाराने परत आणावे. यादव तसे करतात आणि द्वारकेत रीतसर विवाह होतो. घडलेली गोष्ट एकच. पण ती 'अपमान' या खात्यातून 'सन्मान' या खात्यात वळती होते. किर्लोस्करांनी भागवतातून वेष घेतला, आदिपर्वातून हा समजूतदारपणा घेतला, आणि दोहोंना जोडणारा घरगुती सांधा स्वतःचा घातला. रुक्मिणीचा रुसवा, दादाचा धाक, धाकट्याचा साळसूदपणा : हे द्वारकेचे राजघराणे नव्हे, हा एकोणिसाव्या शतकातला मराठी वाडा आहे. म्हणूनच ते नाटक आपल्या आजोबा-पणजोबांना आपल्या घरातले वाटले.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीने १९२५ मध्ये एका व्याख्यानात विरोध मिटविण्याच्या तीन वाटा सांगितल्या : एकाने दुसऱ्यावर मात करणे, दोघांनी थोडे थोडे सोडणे, आणि दोघांचेही मूळ प्रयोजन सांभाळणारा तिसराच मार्ग शोधणे. तिचे उदाहरण ग्रंथालयातील खिडकीचे आहे. एकाला खिडकी उघडी हवी होती, तिला स्वतःला बंद. अर्धी उघडून दोघेही असमाधानी राहिले असते. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण त्याला हवी होती ती हवा, आणि तिला नको होता तो थेट अंगावर येणारा उत्तरेचा वारा. खिडकी कोणालाच नको होती. पुढे १९८१ मध्ये रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी 'गेटिंग टू येस' या जगभर खपलेल्या पुस्तकात याच विचाराचा विस्तार केला. उद्योगपर्वाची सभा खिडकी किती उघडावी यावर भांडत होती. सौभद्रातील कृष्ण शेजारची खोली शोधतो. बलरामाला काय हवे होते? दुर्योधन हवा होता असे तो म्हणतो. वस्तुतः त्याला बहिणीला साजेसा पराक्रमी वर हवा होता, यादवकुळाचा मान हवा होता, आणि आपला थोरलेपणा अबाधित हवा होता. अर्जुन या तिन्ही गोष्टी पुरवितो. बलरामाच्या हातून सुटते ते फक्त एक नाव.

या विवेचनात आम्हांस जी गोष्ट सतत टोचते ती येथेच सांगणे बरे. सौभद्रातील समेट कपटावर उभा आहे. फॉलेटबाईंनी खिडकीचा प्रश्न सोडविताना समोरच्याला फसविले नव्हते. दोघे मिळून बोलले. बलरामाशी कोणी बोललेच नाही. सुभद्रेच्या मनाचा कौल कृष्णाच्या बाजूचा आहे म्हणून प्रेक्षक हे कपट माफ करतो, आणि ते योग्यही आहे, कारण त्या घरात जिचे लग्न तिलाच कोणी विचारीत नव्हते. पण हीच युक्ती दुसऱ्या हातात गेली की काय होते, ते पाहण्यास आपल्याला दूर जावे लागत नाही. आपल्या घरांच्या गच्चीतून ज्याची दिशा दिसते तो असीरगड त्याला साक्षी आहे. १६०० मध्ये अकबर बऱ्हाणपुरास आला आणि गडाला वेढा पडला. फारुकी बहादूरखान त्या वर्षाच्या अखेरीस बोलणीसाठी खाली आला, त्याला परत जाऊ दिले नाही, आणि १६०१ च्या जानेवारीत गड पडला. मोगल दरबारच्या बखरकारांनी गडावरच्या रोगराईवर भर दिला, जेझुइट पाद्र्यांच्या पत्रांवरून झालेल्या वृत्तान्ताने मोडलेल्या शपथेवर आणि वाटलेल्या सोन्यावर. कोणता वृत्तान्त अधिक विश्वसनीय हा इतिहासकारांचा विषय. पण बोलणीला बोलावून अडकवून ठेवणे हे दोन्हींत आहे. बोलण्याची जागाच सापळा ठरली की पुढच्या कितीतरी पिढ्यांना गडावरून खाली उतरण्याचे भय वाटते.

आणि आपला स्वतःचा तह? बऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले ते उदगीरच्या तहाने, १७६० मध्ये. आपल्यापैकी अनेक घराण्यांच्या येथील वास्तव्याची कुळकथा तेथून सुरू होते, आणि सदाशिवरावभाऊंनी निजामाकडून असीरगड, दौलताबाद, अहमदनगर, विजापूर कसे लिहून घेतले हे आपण बालपणी अभिमानाने ऐकले. तो अभिमान गैर नाही. परंतु तहाची परीक्षा सही होते त्या दिवशी होत नसते. पुढच्याच वर्षी पानिपत झाले, आणि निजाम गेलेले परत मिळवावयास पुण्याच्या रोखाने निघाला. १७६३ मध्ये त्याच्या फौजांनी पुणे लुटले आणि त्याच वर्षी राक्षसभुवनावर पुन्हा रक्त सांडावे लागले. ज्याच्याकडून सर्व काही घेतले त्याच्याकडे तह पाळण्यास कारणच उरले नव्हते. हे मात करणे होते, समेट नव्हता. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी या दोहोंना 'तह' हे एकच नाव दिले, म्हणून सुरुवातीस म्हटलेला तो शब्दांचा घोटाळा झाला असावा, असा आमचा तर्क आहे.

शेतीच्या वादांत आम्ही जे पाहिले त्यातले एकच सांगतो. दोन भावांची सामाईक विहीर होती. धाकट्याची केळी, थोरल्याचा कापूस. पाण्याच्या पाळीवरून वाद कचेरीपर्यंत आला, आणि प्रत्येक तारखेला आठवड्याचे दिवस कसे वाटावे यावर घासाघीस चाले : चार-तीन, तीन-चार. एकदा सहज विचारले की पाणी मिळते तेव्हा कापसाचे काय करता. उत्तरातून निघाले की थोरल्याची खरी अडचण पाण्याची नव्हतीच. कापूस वेचून झाला की गाडी बाहेर काढण्याची वाट धाकट्याच्या केळीतून जात होती आणि ती त्याने बंद केली होती. वाट मिळाली; थोरल्याने पाळीचे दोन दिवस आपण होऊन सोडले. वाटणीपत्रात मात्र ही गोष्ट लिहिण्यास रकाना नव्हता. कागदाला दिवस तेवढे कळतात.

कागदाचा हाच स्वभाव राज्यांच्या पाणीवाटपात मोठ्या प्रमाणावर दिसतो. नर्मदेचा तंटा १९६९ मध्ये लवादाकडे गेला. निवाडा १९७९ चा. उपयोगी पाणी दोनशे ऐंशी लक्ष एकर-फूट धरून त्याचे चार भाग झाले : मध्यप्रदेशाला १८२.५ लक्ष, गुजरातला ९० लक्ष, राजस्थानला ५ लक्ष, महाराष्ट्राला २.५ लक्ष. यांतले राजस्थान आणि महाराष्ट्र यांचे छोटे हिस्से मुख्यमंत्र्यांनी १९७४ मध्ये आपसांत मान्य केले होते; मोठा वाद मात्र लवादालाच तोडावा लागला. निवाडा काळजीपूर्वक झाला, आणि तरीही तो शेवटी आकड्यांचाच राहिला. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जी गावे गेली त्यांच्याशी कोणी वाटाघाट केली नव्हती. त्यांना पुनर्वसनाची कलमे तेवढी मिळाली.

तापीच्या बाबतीत कथा वेगळ्या वाटेने गेली, आणि ती आपल्या जिल्ह्याची आहे. खारियाघुटी येथे मोठा जलाशय बांधण्याची जुनी कल्पना होती, सुमारे ६६ टीएमसीची; त्यात सत्तरांहून अधिक गावे आणि सतरा हजार हेक्टरांपेक्षा अधिक जमीन बाधित होणार होती, वनजमीनही त्यात होती. या योजनेवर दोन्ही राज्ये वर्षानुवर्षे अडून राहिली. १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे मध्यप्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या मुख्यमंत्र्यांनी ज्या करारावर सह्या केल्या तो मोठ्या जलाशयाचा नाही. पाणी कालव्यांतून वळवून तापीखोऱ्यातील खालावलेल्या भूजलाचे पुनर्भरण करावे असे त्याचे स्वरूप आहे. एकूण सुमारे ३१ टीएमसी, त्यातील ११.७६ मध्यप्रदेशास, १९.३६ महाराष्ट्रास. सिंचन आपल्या बाजूस सव्वा लाख हेक्टरांच्या आसपास, पलीकडे जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावतीकडे सुमारे दोन लाख पस्तीस हजार. पुनर्वसनाचा प्रश्न उद्भवणार नाही असे सांगण्यात आले.

येथे शेजारच्या खोलीची खिडकी उघडलेली दिसते. जोवर प्रश्न 'जलाशयातले पाणी कोणाला किती' असा होता तोवर तो पाच गावांचा प्रश्न होता. 'जमिनीखालचे पाणी पुन्हा कसे भरावे' असा तो विचारला गेला तेव्हा दोन्ही राज्यांच्या विहिरी एकाच बाजूला आल्या. बऱ्हाणपूरकराला ही कल्पना परकी वाटू नये. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भूमीच्या पोटातच अडवून शहराला आणणारा कुंडी भंडारा आपल्याकडे १६१५ पासून आहे, अब्दुल रहीम खानखानांच्या काळचा. तथापि करार हा करार आहे. कालवे जमिनीवरूनच जातात, आणि डोंगराकडच्या कोरकू पाड्यांतील माणूस त्या बैठकीत कोणाच्या तोंडून बोलला, हे आम्ही सर्व वृत्ते वाचूनही शोधीत राहिलो. बलरामाचे मन सांभाळणाऱ्या नाटकातसुद्धा प्रश्न सुभद्रेचा असतो.

सौभद्राविषयी एक शंका शेवटी उरते. नाटक संपते तेव्हा बलराम निवळतो, अर्जुन-सुभद्रेचे लग्न लागते, सगळे आनंदात. दुर्योधन कोठे आहे? त्याला शब्द दिलेला होता. त्या शब्दाचे काय झाले, त्याची समजूत कोणी काढली, त्याच्या वाट्याला काय आले, याविषयी नाटक गप्प आहे. सुखान्तिकेला एखाद्याला बाहेर ठेवल्यावाचून भागत नाही, हे खरे. पण महाभारत जाणणाऱ्या प्रेक्षकाला ते मौन ऐकू येते. 'सौभद्र' हे अभिमन्यूचे नाव आहे. ज्या विवाहाचा आनंद आपण पाच अंक पाहतो त्या विवाहातून जन्मलेला मुलगा पुढे चक्रव्यूहात मारला जातो, आणि ज्या पक्षाचे वीर त्याला घेरतात त्याचा नायक तो समजूत न काढलेला दुर्योधनच. किर्लोस्करांना शीर्षकातला हा ध्वनी अभिप्रेत होता की नव्हता, याचा निर्णय करण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. तो शब्दात आहे.

अलीकडे सौभद्राचे प्रयोग तीन तासांत, कधी दोनांत बसविले जातात. कात्री प्रथम गद्यावर चालते, आणि त्यातही कृष्ण-बलरामांच्या संवादांवर. पदांना सहसा हात लागत नाही, कारण श्रोते त्यांच्यासाठी येतात. गावोगावच्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवांतले प्रयोग तर नाट्यगीतांचा कार्यक्रम होऊन बसले आहेत. आपल्या मंडळाने पुढील वाचनसत्रासाठी हे नाटक घ्यावे अशी आमची सूचना आहे, आणि त्यात बलरामाचे प्रवेश संपूर्ण वाचावेत. पेटी-तबल्याची सोय झाली नाही तरी हरकत नाही. कृष्णाची हरकत ऐकून बलराम ज्या क्षणी ठाम होतो त्या जागी वाचणाऱ्याने घाई करू नये. आणि कृष्णाची भूमिका घरातल्या एखाद्या धाकट्या भावाकडे द्यावी, म्हणजे कोणत्या शब्दावर थांबावे हे त्याला सांगावे लागणार नाही.